‘घरच्यांचा पाठिंबा’ तासांत मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरी आणि संसार सांभाळून कुणी आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, पूर्ण केली की त्याची बातमी येते. सोबत गळ्यात पदक घातलेला फोटो असतो आणि शेवटाकडे ठरलेलं एक वाक्य असतं : ‘घरच्यांच्या पाठिंब्यामुळेच हे शक्य झालं.’ हौशी खेळाडूंची तयारी करून घेणाऱ्या माझ्यासारख्या प्रशिक्षकाला त्या एका वाक्यामागे सहा-आठ महिन्यांचं काम दिसतं. ते कुणी केलं आणि त्याबद्दल आधी काय ठरलं होतं, हे बातमीत नसतं. मग बातमी वाचून हुरूप आलेला माणूस आधी सायकल घेतो, मग घड्याळ घेतो आणि घरी सगळ्यात शेवटी सांगतो. पुढच्या वेळी अशी मुलाखत छापाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला किती तास गेले? आणि त्या तासांत घर कोण बघत होतं? स्पर्धक बाई असेल तर दुसरा प्रश्न न चुकता विचारला जातो, पुरुषांनाही विचारा.

नवख्यांसाठी आधी अंतरं सांगतो. पूर्ण अंतराच्या स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं एकापाठोपाठ एक करायचं असतं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी १७ तासांची मुदत असते. अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत हेच आकडे १.९, ९० आणि २१.१ असे निम्म्यावर येतात. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण उतरले होते आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. आता एकेका स्पर्धेला हजारोंनी माणसं उतरतात आणि त्यांतली बहुतेक सकाळी सराव करून कामावर जाणारी असतात.

पूर्ण अंतरासाठी सुरुवातीला आठवड्याला सात ते नऊ तास आणि शेवटच्या आठ-दहा आठवड्यांत बारा ते पंधरा तास, असं साधारण वेळापत्रक असतं. घरात भांडणं होतात ती या आकड्यावरून, कारण तो खोटा असतो. त्यात फक्त घड्याळाचं बटण दाबल्यापासून थांबवेपर्यंतचा वेळ धरलेला असतो. तलावावरचा एक तास म्हणजे बॅग भरणं, जाणं, कपडे बदलणं, पोहणं, अंघोळ, परत येणं आणि ओले कपडे वाळत घालणं मिळून दोन तास. चार तासांच्या सायकलिंगआधी टायरमध्ये हवा भरणं, बाटल्या भरणं, चेनला तेल देणं यात अर्धा तास जातो. नंतर अंघोळ आणि जेवण. त्यानंतरचे दोन तास माणूस देहाने घरात असतो, पण त्याचा कुणाला उपयोग नसतो. धावण्याला सगळ्यांत कमी वरखर्च, म्हणजे सरावाच्या आगेमागे जाणारा वेळ, कारण बूट घातले की दाराबाहेर. हे सगळं धरलं की कागदावरचे बारा तास घरच्यांच्या हिशेबात सतरा-अठरा होतात. म्हणून नोंदणीपूर्वी जोडीदारासमोर जो आकडा ठेवायचा तो हा दुसरा असावा. बारा सांगून अठरा घेतले की तिसऱ्या आठवड्यात पोल उघडी पडते आणि मग पुढचा कुठलाच आकडा कुणी खरा मानत नाही.

वरखर्चाचा हा हिशेब मांडला की कात्री कुठे लावायची तेही आपोआप कळतं. स्पर्धेच्या एकूण वेळात पोहण्याचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा, पण दर तासामागे सगळ्यांत जास्त वेळ तेच खातं. ज्याला ३.८ किलोमीटर न थांबता, दम न लागता पोहता येतं, त्याला आठवड्यातून दोनदा तलावावर जाणं पुरतं. तिसऱ्या खेपेऐवजी घरीच रबरी दोऱ्या दाराला अडकवून पंधरा-वीस मिनिटं हाताची ओढ घोटावी. ज्याला नीट पोहता येत नाही त्याचं गणित वेगळं आहे. पोहणं ही तंत्राची गोष्ट असल्यामुळे आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा चारदा अर्धा-पाऊण तास केलेलं अंगवळणी पडतं, आणि चार खेपा म्हणजे वरखर्चही चारदा. अशा माणसाने आधी एक वर्ष फक्त पोहणं शिकावं आणि मग स्पर्धेचं नाव काढावं. दोन्ही एकाच हंगामात करायला गेलं की आठवडाच पुरत नाही.

आता पहाटेविषयी. ‘चार वाजता उठा, घरचे जागे होईपर्यंत सराव संपवा, कुणाचा एक मिनिटही जात नाही,’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. चारला उठायचं तर रात्री साडेआठ-नऊला झोपायला हवं. नेमकी तीच वेळ मुलांच्या अभ्यासाची, जेवणाची, आवराआवरीची आणि जोडीदाराशी दोन शब्द बोलण्याची असते. अकराला झोपून चारला उठलं तर उसने तास शरीर पुरवतं, आणि ते फार काळ पुरवत नाही. झोप सात तासांच्या खाली राहिली की सकाळचा विश्रांतीतला नाडीचा वेग चढतो, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून आवाज चढतो. हे शेवटचं लक्षण घड्याळात दिसत नाही, घरच्यांना मात्र आठवडाभर आधी दिसतं. माझ्या मते सलग दोनपेक्षा जास्त पहाटा घेऊ नयेत. त्या आदल्या संध्याकाळी सांगून घ्याव्यात आणि रात्री झोप झाली नसेल, मूल तापाने जागं असेल, तर तो सराव सरळ सोडून द्यावा.

पहाट घ्यायचीच तर चोरपावलांनी घ्यायला शिकावं. मोबाइलचा गजर बंद ठेवून मनगटावरच्या घड्याळाचा थरथरणारा गजर लावावा. कपडे, बूट, हेल्मेट, बाटल्या रात्रीच दुसऱ्या खोलीत मांडून ठेवाव्यात. क्लीट (पेडलमध्ये अडकणारा कडक तुकडा) लावलेले बूट दाराबाहेर गेल्यावर घालावेत, कारण फरशीवर त्यांचा टकटक आवाज अख्ख्या घराला उठवतो. घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवत असाल तर त्याखाली जाड रबरी चटई हवी. ट्रेनरच्या आवाजाहून त्याची थरथर जास्त लांब जाते. ती जमिनीतून शेजारच्या खोलीत आणि खालच्या मजल्यापर्यंत पोहोचते. पंखा मात्र लागतोच. पंख्याविना घरात शरीर तापतं, नाडी चढते आणि सराव अर्ध्यावर कोलमडतो.

आठवड्यातला खरा पेच लाँग राइडचा, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यांत लांब सायकलिंगचा. ती शेवटच्या टप्प्यात पाच-सहा तासांपर्यंत जाते. इथे एक बदल केला तरी घरातली निम्मी कुरबुर थांबते, तो म्हणजे अंतर ठरवायच्या ऐवजी परतायची वेळ ठरवणं. ‘आज १५० किलोमीटर’ ठरवलं की पंक्चर, समोरचा वारा, चहासाठी थांबलेला मित्र, सगळ्यांचं ओझं घरच्या घड्याळावर पडतं. ‘साडेदहाला घरात’ ठरवलं की ते ओझं अंतरावर पडतं आणि १५० चे १३५ झाले तरी शरीराला फारसा फरक कळत नाही. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं म्हणजे परतताना तो पाठीशी येतो. शक्यतो ३०-४० किलोमीटरच्या फेऱ्या कराव्यात म्हणजे घरून फोन आला तर तासाभरात परतता येतं. ८० किलोमीटर सरळ जाऊन तिथून वळणाऱ्याला ती सोय नसते. बरोबर दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप आणि टायर फाटलं तर आतून लावायचा तुकडा हवा. एकच ट्यूब घेऊन निघालेल्या माणसाला दुसऱ्या पंक्चरला घरी फोन करून गाडी मागवावी लागते, आणि त्या फोनची किंमत पुढचे तीन रविवार मोजावी लागते. उशीर होणार असेल तर ठरलेली वेळ टळण्याआधी कळवावं. टळल्यानंतरचा फोन घेणाऱ्याचा जीव तोवर टांगणीला लागलेला असतो.

सगळ्या लाँग राइड रस्त्यावरच कराव्यात असं नाही. ट्रेनरवर उतार नसतो, सिग्नल नसतो, पाय फिरवणं थांबवता येत नाही. त्यामुळे घरातले तीन तास बाहेरच्या चारच्या जवळ जातात, असं आम्ही ढोबळमानाने धरतो. तरी शेवटच्या आठ-दहा आठवड्यांतल्या निम्म्या तरी बाहेर व्हायला हव्यात. वारा, उतारावरचा ताबा, चालत्या सायकलवर बाटली काढून पिणं आणि एरो बारवर (हँडलच्या पुढे हात टेकवायच्या दांड्यांवर) वाकून तासन्‌तास टिकणारी मान या गोष्टी खोलीत शिकता येत नाहीत.

दुपारी निकामी होण्याचं कारण बहुधा अंतर नसून उपासमार असते, हे फार थोड्यांना माहीत असतं. वजन उतरावं म्हणून कित्येक जण लांबच्या सायकलिंगला नुसतं पाणी घेऊन निघतात. पाच तासांच्या राइडला ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं धरली तर ३०० ग्रॅम लागतात. सवय झाली की ताशी ९० पर्यंत जाता येतं. नुसतं ग्लुकोज ताशी ६० ग्रॅमच्या आसपासच शोषलं जातं. त्याहून जास्त घ्यायचं तर त्यात फ्रुक्टोज मिसळलेलं हवं, नाहीतर पोट बिघडतं. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं आहे, कारण रक्तातलं सोडियम घसरून माणूस गोंधळतो, ओकतो आणि प्रसंगी जिवावर बेततं. नीट खाऊन आलेला माणूस दुपारी मुलांना घेऊन बाहेर पडू शकतो. उपाशी आलेला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दिसेल ते खातो आणि सोफ्यावर आडवा होतो. महिनोन्‌महिने खर्चापेक्षा कमी खाल्लं तर हाडं, संप्रेरकं, मनःस्थिती सगळ्यावर परिणाम होतो, बायकांची पाळी लांबते किंवा थांबते. याला ‘रेड-एस’ म्हणतात आणि ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये हे नाव रूढ केलं. पुरुषही यातून सुटत नाहीत.

शनिवारी लाँग राइड आणि रविवारी लाँग रन ही छापील जोडगोळी संसारी माणसाने मोडावी. रविवारी कुटुंबाला फक्त एक थकलेला पाहुणा मिळतो. लाँग रन बुधवार किंवा गुरुवारच्या पहाटेला न्यावा. दोन ते अडीच तासांच्या पुढे तो खेचण्यात फायदा थोडा आणि दुखापतीचा धोका जास्त. शनिवारच्या सायकलनंतर लगेच वीस-तीस मिनिटांचं धावणं (याला ‘ब्रिक’ म्हणतात) उरकावं. अंगावर कपडे असतात, घाम आलेलाच असतो, वरखर्च शून्य. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, त्याची सवय लागायला एवढं पुरतं. मग रविवार अख्खा मोकळा राहतो आणि तो खरोखर मोकळा ठेवावा. ‘फक्त चाळीस मिनिटं हलकं धावून येतो’ म्हणणाऱ्याची सकाळ किती वाजता संपते, ते सगळ्या घरांना ठाऊक आहे.

कामावर जाण्या-येण्यात तसाही जाणारा वेळ सायकलला किंवा धावण्याला दिला तर तो कुणाच्या वाट्यातून जात नाही. रस्ता सुरक्षित असेल आणि पोहोचल्यावर अंघोळीची सोय असेल तर याइतका स्वस्त सराव नाही. जेवणाच्या सुट्टीतली चाळीस मिनिटंही तशीच. लहान बाळाला ढकलगाडीत घालून धावणं चांगलं, पण बाळाची मान-पाठ धरायला हवी, म्हणजे निदान सहा महिने झालेले हवेत. गाडी धावण्यासाठीच बनवलेली, पुढचं चाक पक्कं करता येणारी, ब्रेक आणि मनगटाचा पट्टा असलेली हवी. बाजारहाटाच्या गाडीची छोटी पुढची चाकं खड्ड्यात अडकतात आणि ती पुढे कलंडते. एका गोष्टीला मात्र माझा विरोध आहे. मुलीचा सामना चालू असताना मैदानाभोवती फेऱ्या मारायच्या आणि तो वेळ ‘कुटुंबाबरोबर’ म्हणून मोजायचा, हे चालणार नाही. त्या सामन्यात तिने काय केलं ते विचारा, उत्तर येणार नाही.

आठवडा विस्कटला की काय गाळायचं हे आधीच लिहून ठेवलेलं बरं, म्हणजे त्या दिवशी चिडचिड होत नाही. लाँग राइड, एक इंटरव्हलचं (आलटून-पालटून जोरात आणि हळू) सायकलिंग आणि लाँग रन एवढं राखावं. सगळ्यात आधी तिसरं पोहणं जावं, मग हलकं धावणं. ताकदीचे व्यायाम घरीच वीस मिनिटांत बसवावेत. हुकलेला सराव भरून काढू नये. मंगळवारचं बुधवारात कोंबलं की गुरुवारी पाय जड, शनिवारी गुडघा कुरकुरतो, आणि बुधवारी घरच्यांना शब्द दिलेला असतो तोही मोडतो. चोवीस आठवड्यांत दोन-तीन आठवडे आजारपणात किंवा घरच्या कामात गेले तरी स्पर्धा बुडत नाही, फक्त अपेक्षित वेळ थोडी वाढवावी. भर तयारीत महिना गेला तर नोंदणी अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत बदलून मिळते का ते पाहावं. ते अंतर आठवड्याला आठ तासांच्या सरावात अब्रूने होतं. बऱ्याच घरांसाठी तेच योग्य अंतर आहे, हे कुणी उघडपणे बोलत नाही.

नोंदणी करण्याआधी दोघांनी कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसावं. स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजत शेवटचे दहा आठवडे रंगवावेत आणि त्यांत काय काय येतं ते पाहावं : मुलांच्या परीक्षा, म्हाताऱ्यांची शस्त्रक्रिया, जोडीदाराच्या कामाचा घाईचा काळ. दोनहून जास्त गोष्टी आड आल्या तर दुसरी स्पर्धा शोधावी. जोडीदाराचे स्वतःचे तासही त्याच कागदावर लिहावेत. ‘तुला हवं तेव्हा सांग’ असं मोघम नको. ‘गुरुवारी संध्याकाळी दोन तास आणि महिन्यातला एक पूर्ण रविवार’ असं लिहावं, आणि त्या वेळात घर पूर्णपणे स्पर्धकाच्या ताब्यात असावं, मोजे कुठे आहेत असे फोन न करता. खर्चही सगळा लिहावा : प्रवेश शुल्क, प्रवास, कुटुंबाचा मुक्काम, सायकलची पेटी, सर्व्हिसिंग, टायर, जेल, फिजिओथेरपिस्ट. नोंदणी रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, पुढच्या वर्षावर ढकलता येते का, हे शुल्क भरण्याआधी वाचावं. काही आयोजक गरोदरपणासाठी वेगळी सवलत ठेवतात.

घरात तान्हं बाळ असेल तर पहिल्या वर्षी पूर्ण अंतराच्या वाटेला जाऊ नये, आईने तर नाहीच आणि बापानेही नाही. बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांच्या आत धावणं सुरू करू नये, आणि त्याआधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपिस्टकडून तपासणी करून घ्यावी. धावताना लघवी गळणं किंवा खाली जडपणा वाटणं म्हणजे थांबण्याची खूण. अमेरिकेच्या चेल्सी सोडारोने २०२२ मध्ये हवाईतलं आयर्नमॅनचं जागतिक विजेतेपद जिंकलं तेव्हा तिची मुलगी दीड वर्षाची होती. स्वित्झर्लंडच्या निकोला स्पिरिगने २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनचं सुवर्ण मिळवलं आणि मुलगा झाल्यावर २०१६ मध्ये रौप्य. ही उदाहरणं हौशी बाईपुढे ‘बघ, त्यांनी केलं’ म्हणून टाकली जातात. त्यांचा सराव हीच त्यांची नोकरी होती, एवढं त्यात सांगायचं राहून जातं.

स्पर्धेच्या दिवशी घरच्यांना खेळाडू दिवसभरात चार-पाचदा दिसतो, तोही दहा-वीस सेकंद. मधले दहा-बारा तास लहान मुलांना घेऊन उन्हात काढायचे असतात. त्यामुळे घरच्यांच्या हातात एक कागद द्यावा. पाण्यातून बाहेर साधारण किती ते किती वाजेपर्यंत, सायकल कुठल्या वळणावर दिसेल, रस्ते कधी बंद होणार, धावण्याच्या फेऱ्या किती, स्वच्छतागृह कुठे. मोबाइलवरचं ट्रॅकिंग मागे पडतं आणि ठिपका हलत नाही म्हणून जीव घाबरा होतो, तेही आधी सांगून ठेवावं. लहान मुलांना पहाटेच्या प्रारंभाला नेऊच नये, दुपारनंतर धावण्याच्या वेळी आणावं. हातात बाटली देणं किंवा शेजारून धावत जाणं ही बाहेरची मदत धरली जाते आणि त्याला शिक्षा असते. पोराला कडेवर घेऊन अंतिम रेषा ओलांडण्याचं स्वप्न कित्येक बाप उराशी धरतात. आयर्नमॅनच्या नियमांत त्याबद्दल बाद करतात. फोटो रेषेपलीकडे काढावा. रात्री सायकल आणि बॅगा कोण उचलणार, गाडी कोण चालवणार, हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं. स्पर्धकाने त्या रात्री गाडी चालवू नये.

स्पर्धेआधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे टेपरचे, म्हणजे सराव कमी करत नेण्याचे. तास निम्म्यावर येतात आणि मोकळा झालेला वेळ सायकल पुसण्यात, हवामानाचा अंदाज पाहण्यात आणि नसलेल्या दुखण्यांची चौकशी करण्यात जातो. तो घरातल्या तुंबलेल्या कामांना द्यावा. स्पर्धेनंतर दोन आठवडे तरी ठरावीक सराव नको. याच काळात एक पोकळी जाणवते आणि ती भरायला माणूस अंग दुखत असतानाच पुढच्या स्पर्धेचं पान उघडतो. पुढचे चार आठवडे नवी नोंदणी करायची नाही, हे पहिल्या नोंदणीच्या वेळीच ठरवून घ्यावं. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर समोर येईल तेव्हा त्यात पहिली तारीख जोडीदाराने घालावी.

आपला,
एक ट्रायथलॉन प्रशिक्षक